शेततळ्यातले मासे, शेवाळ आणि पहाटेचा ऑक्सिजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे साडेपाचला फोन वाजला की आता मी "काय झालं?" असं विचारतच नाही. "मासे वर आलेत ना?" एवढंच विचारतो. जीवशास्त्र शिकवता शिकवता लोकांच्या तळ्यांच्या भानगडीत पडलो आणि मग प्रश्न येतच राहिले. काही शेततळेवाल्यांचे, काही बारावी-बीएस्सीच्या मुलांचे, तर काही घरात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचे. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माशाचं शरीर आणि वनस्पतीचं शरीर हे दोन विषय पुस्तकात वेगळे असले, तरी तळ्यात ते एकाच पाण्यावर जगतात. त्यामुळे उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. जिथे दुसरीकडे सविस्तर लिहिलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मासा पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन वापरतो का?

नाही. पाण्याचा रेणू फोडणं माशाच्या आवाक्यात नाही, तुमच्या-माझ्याही नाही. मासा वापरतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंशांच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिवाय हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन पसरतो सुमारे दहा हजार पट हळू. म्हणून साचलेल्या पाण्यात वरच्या थरात ऑक्सिजन असतो आणि हातभर खाली त्याची वानवा, असं सहज घडतं. पाण्याचा रेणू फोडणारा गडी वेगळा आहे, त्याच्याबद्दल प्र. ५ मध्ये.

२. मग एवढ्याशा ऑक्सिजनवर मासा जगतो कसा?

कल्ल्यांच्या रचनेमुळे. कल्ल्याच्या प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ पापुद्र्यांची रांग असते. त्या पापुद्र्यांत रक्त एका दिशेने वाहतं आणि त्यांच्यावरून पाणी बरोबर उलट दिशेने जातं. दोन्ही एकाच दिशेने गेले असते, तर निम्म्या वाटेत दोन्हीकडचा ऑक्सिजन सारखा होऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट दिशेमुळे रक्ताला शेवटपर्यंत आपल्याहून जास्त ऑक्सिजनचं पाणी भेटत राहतं. अशा रीतीने मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसं श्वासातल्या ऑक्सिजनचा साधारण चौथा हिस्सा घेतात आणि बाकीचा परत सोडतात.

दुसरी गोष्ट, पाणी हवेपेक्षा आठशे पट जड. ते आत घेऊन त्याच वाटेने बाहेर ढकलणं परवडणारं नाही, म्हणून तोंडातून आत आणि कल्ल्यांवाटे बाहेर अशी एकेरी वाहतूक. हेच पापुद्रे हवेत आले की एकमेकांना चिकटतात, ओल्या वहीच्या पानांसारखे. म्हणून ऑक्सिजनने भरलेल्या हवेत मासा गुदमरून मरतो.

३. रोहू, कटला, मृगळ यांना किती ऑक्सिजन लागतो?

लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर मासे खातात आणि वाढतात. ३ च्या खाली गेला की खाणं मंदावतं आणि रोगाला निमंत्रण मिळतं. १ च्या आसपास बराच वेळ राहिला तर मासे मरतात.

उन्हाळ्यात दुहेरी मार बसतो. पाणी २० अंशांना असताना त्यात ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च. आणि दहा अंश तापमान वाढलं की माशाच्या शरीराचा ऑक्सिजनचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने त्यातून सहा टक्के वजा करा.

४. पण मरळ आणि मागूर तर चिखलातही जिवंत राहतात. ते कसं?

ते हवेतूनच श्वास घेतात. मागुराच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा, रक्ताने भरलेला एक अवयव असतो. मरळीत त्या जागी घडीदार पोकळी असते. पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यायचा, तो या जागेत धरायचा आणि पुन्हा खाली जायचं. मोठ्या मरळीचं तर हवेशिवाय भागतच नाही. तिला वर येऊ दिलं नाही तर ती भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही चक्क बुडून मरते. मरळ पाळणाऱ्यांनी जाळं पाण्याच्या पातळीला टेकवून ताणू नये, ते यासाठी.

"थाई मागूर" नावाने विकला जातो तो मासा मुळात आफ्रिकन आहे. तो दिसेल ते खातो, आणि त्याच्या पालनाला २००० साली केंद्र सरकारने बंदी घातली. बीज स्वस्त मिळतंय म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

५. पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात. मग वनस्पती जितक्या जास्त तितका ऑक्सिजन जास्त, बरोबर ना?

दिवसा बरोबर, रात्री चूक. दोन्ही गोष्टी १७७९ सालीच कळल्या होत्या. यान इंगेनहूझ या डच वैद्याने इंग्लंडमध्ये त्या एका उन्हाळ्यात पाचशेहून जास्त प्रयोग केले. त्याला दिसलं की पानांतून येणारे बुडबुडे फक्त उजेडात येतात आणि अंधारात त्याच वनस्पती हवा बिघडवतात. या दुसऱ्या भागाकडे पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरतं लक्ष दिलं जातं, आणि तळेवाल्यांचं सगळं नुकसान त्याच ओळीत असतं.

उजेडात वनस्पती पाण्याचा रेणू फोडते आणि त्यातला ऑक्सिजन बाहेर टाकते. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नाही, पाण्यातला आहे. १९४१ मध्ये रूबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजनचं पाणी वापरून हे क्लोरेला या शेवाळावर दाखवलं. पण श्वसन मात्र वनस्पती चोवीस तास करते. गर्द हिरव्या तळ्यात दुपारी तीनला १२-१५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मोजला आणि त्याच तळ्यात पहाटे दीड, असं वाचन मला नवं नाही. रात्री हा ऑक्सिजन खातं कोण? मासे त्यातला लहान हिस्सा खातात. मोठा हिस्सा जातो तो तरंगत्या शेवाळाला आणि तळाच्या गाळातल्या जिवाणूंना.

६. मासे नेमके पहाटेच वर का येतात?

कारण सूर्य उगवण्याआधीचा तास हा दिवसातला सर्वांत कमी ऑक्सिजनचा तास. साधा हिशेब करा. संध्याकाळी सहाला ९ मिलिग्रॅम होते, तासाला अर्धा मिलिग्रॅम खर्च झाला, तर सकाळी सहाला उरतात ३. खर्च तासाला पाऊण असेल तर खातं शून्यावर येतं.

वर आलेले मासे हवा गिळत असतात असं वाटतं, पण कटला-रोहूला प्र. ४ मधल्या माशांसारखी सोय नाही. ते हवेला चिकटलेला पाण्याचा अगदी वरचा पातळ थर कल्ल्यांवरून फिरवत असतात. तेवढ्या थरात हवेतला ऑक्सिजन नुकताच उतरलेला असतो. हा शेवटचा उपाय आहे, खेळ नव्हे. "सकाळी मासे कसे छान वर खेळतात" म्हणून व्हिडिओ पाठवणाऱ्यांना मी उलटा फोन करतो.

७. ढगाळ हवेत आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर धोका जास्त का?

दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं कारण उजेडाचं. झड लागली, तीन-चार दिवस सूर्य दिसला नाही, की शेवाळाची दिवसाची कमाई घटते, पण रात्रीचा खर्च तोच राहतो. प्र. ६ मधला हिशेब ९ ऐवजी ५ पासून सुरू होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे तळं रिकामं.

दुसरं कारण थरांचं. शेततळं खोल असतं, बांध उंच असतात, वारा लागत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तळाशी थंड, जड पाणी राहतं. दोघं आठवडेच्या आठवडे मिसळत नाहीत. खाली उजेड नाही म्हणजे कमाई नाही. गाळ कुजत असतो म्हणजे खर्च चालूच. तळाचा थर ऑक्सिजनविना बसलेला असतो आणि त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही साठतो. मग वळवाचा दणका येतो. थंड पावसाचं पाणी जड म्हणून खाली जातं, तळाचं वर येतं आणि तासाभरात सगळं तळं एकजीव होतं. ही घटना दिवसाढवळ्याही होऊ शकते. "वीज पडून मासे मेले" असं ज्याला गावात म्हणतात, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत मला या उलथापालथीचाच संशय येतो.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात सुरुवातीला गाळ नसतो, त्यामुळे पहिल्या वर्षी हे होत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. दोन-तीन वर्षांची उरलेली पेंड आणि विष्ठा त्या प्लास्टिकवर बसली, की तेही तळं इतरांसारखंच वागायला लागतं.

८. मासे आत्ता वर आलेत. काय करू?

खाद्य बंद करा. खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो. मोटर लावा आणि तळ्याचंच पाणी वरच्या थरातून उचलून फवाऱ्यासारखं पुन्हा तळ्यात पाडा. जितके बारीक थेंब तितका हवेशी संपर्क जास्त. बोअरचं ताजं पाणी सोडत असाल तर पाइप थेट पाण्यात बुडवू नका, उंचावरून पत्र्यावर आपटू द्या. जमिनीखालच्या पाण्यात बहुतेक वेळा ऑक्सिजन नसतोच. सूर्य चांगला वर येईपर्यंत, म्हणजे आठ-नऊ वाजेपर्यंत, हे थांबवू नका.

जाळं मारू नका आणि तळ ढवळू नका. शेण टाकू नका. आणि "काहीतरी करायचं" म्हणून चुना तर मुळीच टाकू नका, कारण प्र. १३ मध्ये आहे.

एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, असेल तर तो मध्यरात्रीनंतर चालवायचा असतो. भर दुपारी हिरव्या तळ्यात ऑक्सिजन हवेच्या बरोबरीपेक्षा जास्त झालेला असतो. तेव्हा एअरेटर चालवला तर वीजबिल भरून तुम्ही ऑक्सिजन तळ्याबाहेर घालवता. याला अपवाद एकच. तळं खोल असेल तर थर बसू नयेत म्हणून उन्हाळाभर रोज दुपारी थोडा वेळ पाणी मिसळणं फायद्याचं ठरतं.

९. ऑक्सिजन मोजायचा कसा? मीटर महाग आहे.

मीटर नसेल तर विंकलरची रीत आहे. हंगेरीच्या लायोश विंकलरने ती १८८८ मध्ये दिली आणि मीटरची शंका आली की आजही तिच्यावरच पडताळणी होते. बाटलीत पाणी भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातलं की ऑक्सिजन तपकिरी साक्यात पकडला जातो. आम्ल घातलं की तेवढंच आयोडीन सुटतं आणि ते स्टार्चच्या निळ्या रंगावरून मोजायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सगळं असतं. जवळच्या कॉलेजशी ओळख ठेवा.

मुलांना प्रकल्पासाठी मी नेहमी दोन बाटल्यांचा प्रयोग सुचवतो. तळ्याचं पाणी एका पारदर्शक आणि एका काळ्या कापडाने गुंडाळलेल्या बाटलीत भरा, दोन्ही तळ्यात लोंबकळत ठेवा आणि काही तासांनी ऑक्सिजन मोजा. काळ्या बाटलीतली घट म्हणजे श्वसन. दोन्ही बाटल्यांतला फरक म्हणजे शेवाळाची एकूण कमाई. गार्डर आणि ग्रान यांनी ही पद्धत १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. एवढ्या कमी खर्चात वनस्पतीशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकत्र शिकवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

काहीही वापरा, पण मोजा सूर्योदयाआधी. दुपारचा आकडा दाखवून "ऑक्सिजन तर भरपूर आहे" म्हणणं म्हणजे पगाराच्या दिवशीचं पासबुक दाखवणं.

१०. पाणी हिरवं झालंय. चांगलं की वाईट?

किती हिरवं, यावर आहे. तरंगतं शेवाळ हे तळ्याचं गवत. त्यावर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्यांच्यावर कटला. पारदर्शकता मोजायला दोरीला बांधलेली पांढरी किंवा काळी-पांढरी थाळी पुरते. अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात हीच थाळी सोडली होती. थाळी २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी. ताटली शोधायचा कंटाळा असेल तर हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा पुसट दिसत असेल तर ठीक. मनगटातच दिसेनासा झाला तर खाद्य आणि शेणखत थांबवा.

हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखी साय सकाळी वाऱ्याच्या कडेला जमत असेल, तर ते नीलहरित जिवाणू आहेत, बहुधा मायक्रोसिस्टिस. त्यांच्या पेशींत वायूच्या बारीक कुप्या असतात, त्यामुळे ते तरंगतात आणि खालच्या सगळ्यांचा उजेड अडवतात. त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. असं पाणी जनावरांना पाजू नका.

११. मग मोरचूद टाकून शेवाळ मारून टाकू का?

माझं मत : नको. शेवाळ मरेल, पण मेलेलं शेवाळ जाईल कुठे? ते कुजेल आणि कुजताना ऑक्सिजन खाईल. म्हणजे कमाई शून्य आणि खर्च दुप्पट. मोरचूद टाकल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मासे मेल्याचे फोन मला आलेले आहेत.

शिवाय मोरचुदातलं तांबं थेट माशावरही चालतं. गोड्या पाण्यातला मासा कल्ल्यांतून सोडियम ओढून घेत असतो (प्र. १२) आणि तांबं नेमकं तेच दार अडवतं. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम कल्ल्याला थोडं संरक्षण देतं. मऊ पाण्यात तोच डोस जीवघेणा ठरतो. पाण्याची अल्कधर्मिता लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर मोरचूद हातातही घेऊ नये, असा नियम आहे.

१२. गोड्या पाण्यातल्या माशांच्या तळ्यात मीठ का टाकतात?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न. माशाचं रक्त खारट आणि भोवतालचं पाणी गोडं. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सारखं आत घुसतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा दोन कामं करतो : भरपूर पातळ मूत्र टाकून पाणी उपसतो आणि हरवलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींनी, शक्ती खर्च करून, जवळजवळ निःक्षार पाण्यातून परत ओढतो. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९३० च्या दशकात हे दाखवून दिलं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पितो का? जवळपास नाही. त्याची अडचण पाणी बाहेर काढण्याची असते.

थोडं मीठ टाकलं की ही ओढाताण हलकी होते. वाहतुकीत दमलेल्या बोटुकल्यांना (बोटभर पिल्लांना) मिठाचं पाणी देतात ते म्हणून.

दुसरं कारण नायट्राइट. खाद्य जास्त झालं, जिवाणूंचं काम अर्धवट राहिलं की पाण्यात नायट्राइट साठतं. कल्ल्यातलं क्लोराइड ओढणारं दार नायट्राइटला ओळखत नाही आणि त्यालाही आत घेतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, कल्ले चॉकलेटी दिसतात आणि ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. पाण्यात क्लोराइड वाढवलं की दारात गर्दी होते आणि नायट्राइटचा नंबर लागत नाही. नायट्राइटच्या सहा ते दहापट क्लोराइड असावं, असा ढोबळ नियम आहे. साध्या मिठाच्या वजनात ६० टक्के क्लोराइड असतं. मात्र त्याच तळ्यातून ठिबकने द्राक्ष-डाळिंबाला पाणी जात असेल, तर मीठ टाकण्याआधी चारदा विचार करा.

१३. आमचे मासे दुपारी चारला मेले. ऑक्सिजन १४ होता. मग कशाने?

अमोनियाकडे बघा. मासा प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात टाकतो, आणि तोही मूत्रातून नव्हे, कल्ल्यांतून. होमर स्मिथ यांनी १९२९ मध्ये माशाचं पुढचं आणि मागचं शरीर वेगवेगळ्या पाण्यात राहील अशी पेटी बनवून कार्प आणि गोल्डफिशमध्ये हे मोजलं. कल्ल्यांतून निघणारा नायट्रोजन मूत्रपिंडातल्यापेक्षा सहा ते दहापट भरला.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. भारित अमोनियम तुलनेने निरुपद्रवी असतो, भाररहित अमोनिया विषारी. कोणतं रूप किती, हे पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, ठरवतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी हिस्सा अर्धा टक्का, ८ ला पाच टक्के आणि ९ ला थेट छत्तीस टक्के.

आता यात शेवाळ कुठे आलं? उजेडात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उपसतं. हा वायू पाण्यात आम्लासारखा वागतो, तो गेला की पीएच चढतो. गर्द हिरव्या तळ्यात सकाळी ७.५ असलेला पीएच दुपारी ९ च्या वर जातो. एकूण अमोनिया सकाळपासून तितकाच, पण दुपारी त्यातलं विष कित्येक पटींनी वाढलेलं. ज्या प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन १४ वर नेला, त्यानेच हेही केलं.

म्हणून अमोनियाची तपासणी दुपारी करा आणि पीएच सोबत लिहा. आणि म्हणूनच प्र. ८ मध्ये चुन्याला नाही म्हटलं : चुना पीएच आणखी वर ढकलतो. उपाय म्हणजे खाद्य कमी करणं आणि थोडं पाणी बदलणं.

१४. शाळेत हायड्रिलाचे बुडबुडे मोजताना पाण्यात खायचा सोडा का घालतात? आणि तळ्यातल्या हायड्रिलाच्या पानांवर पांढरी पूड कसली?

दोन्हीचं उत्तर एकच. दुपारी पाण्यातला मोकळा कार्बन डायऑक्साइड संपतो (प्र. १३), तेव्हा बऱ्याच पाणवनस्पती बायकार्बोनेटवर गुजराण करतात. सोड्यातून तेच मिळतं, म्हणून बुडबुडे वाढतात. हायड्रिलाचं पान जेमतेम दोन पेशींइतकं जाड. ते खालच्या बाजूला आम्ल सोडून बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं आणि वरच्या बाजूला पाणी अल्कधर्मी होतं. तिथे कॅल्शियम कार्बोनेट बसतो. तीच पांढरी पूड, रोग नाही.

हायड्रिला आणखी एक चमत्कार करते. मका-ऊस यांच्यात कार्बन पकडून साठवण्याची जी सी-४ पद्धत असते, तिला पानात दोन प्रकारच्या पेशी लागतात, असं शिकवलं जातं. हायड्रिलात कडक उन्हाळ्यात, कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ही पद्धत एकाच पेशीत सुरू होते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज बोव्स यांच्या गटाने हे उलगडलं. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा.

१५. जलपर्णी एवढी हिरवीगार, मग तिच्याखाली मासे का मरतात?

तिची पानं हवेत असतात, त्यामुळे तिचा ऑक्सिजनही हवेत जातो. पाण्याला मिळते ती सावली. खालचं शेवाळ उपाशी मरतं, वाऱ्याने पाणी हलत नाही, जुनी पानं-मुळं कुजून खाली पडतात. म्हणजे प्र. ५ मधली दिवसाची कमाईही नाही, नुसता खर्च. इंद्रायणी, पवना किंवा मुळा-मुठेत ती माजते कारण सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस तिला फुकट मिळतो. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती पोषक पाण्यात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. फवारून मारून तिथेच सोडली तर प्र. ११ मधलीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. काढायची असेल तर काठावर काढा, आणि काठापासून लांब टाका.

१६. कमळाची मुळं ऑक्सिजन नसलेल्या चिखलात कशी जगतात?

देठात पोकळ नळ्या असतात, कमलकाकडी कापल्यावर दिसतात त्याच. जॉन डेसी यांनी १९८० मध्ये पिवळ्या पाणलिलीत दाखवलं की कोवळी पानं उन्हाने तापली की हवा दाबाने खाली ढकलतात आणि ती जुन्या पानांतून बाहेर पडते. एक पान दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा खाली पाठवतं. कमळातही असाच आतला वारा वाहतो.

१७. गवत्या मासा सोडला तर पाणतण संपेल का?

हायड्रिला संपेल, जलपर्णी नाही. ती त्याला आवडत नाही. पण गवत्याचं आतडं गवत पचवायला तोकडं असतं. खाल्लेल्यातलं बरंचसं अर्धवट पचून बाहेर येतं आणि पाण्याचं खत होतं. तण गेलं की पाणी हिरवं होईल. मग प्र. १० वाचा.

१८. आमच्या माशाला मातकट वास येतो म्हणून गिऱ्हाईक घेत नाही.

त्या वासाचं नाव जिओस्मिन. पहिल्या पावसात जो मृद्गंध येतो म्हणून आपण खिडकीत उभे राहतो, तोच पदार्थ. जमिनीत तो स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू बनवतात आणि तळ्यात काही नीलहरित जिवाणूही. लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम असला तरी आपल्या नाकाला कळतो. तो कल्ल्यांतून रक्तात आणि तिथून चरबीत जाऊन बसतो, म्हणून मसाल्याने झाकत नाही. विक्रीआधी मासे काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवा; आला त्याच वाटेने तो बाहेर पडतो. चिंच-कोकमात मुरवून बघितलं तर थोडा फरक पडतो, पण तेवढ्याने घाऊक व्यापारी फसत नाही.

१९. रोहू-कटला तळ्यात मोठे होतात, पोटात अंडी दिसतात, पण घालत का नाहीत?

त्यांना नदीचा पूर हवा असतो. वाढतं, वाहतं, गढूळ पाणी मिळालं तरच मेंदू पियुषिका ग्रंथीला शेवटचा हुकूम देतो. तळ्यात तो हुकूम येत नाही आणि अंडी शरीरात जिरून जातात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो म्हणून. आज हॅचरीत टोचतात त्या औषधात दोन घटक असतात. एक मेंदूच्या हुकमाची नक्कल करतो, दुसरा त्या हुकमाला अडवणाऱ्या डोपामिनला गप्प करतो. बांधावर पाऊस पडत नसला तरी माशाच्या शरीराला पूर आल्याचं कळवायचं, इतकीच ती युक्ती.

२०. लोणारच्या पाण्यात मासे सोडता येतील का?

सरोवर संरक्षित आहे, त्यामुळे तिथे काहीच सोडायचं नाही, हे आधी. शरीरशास्त्राचं उत्तर असं. लोणारच्या अल्कधर्मी पाण्याचा पीएच वर्षानुवर्षं १० च्या आसपास नोंदला गेला आहे. एवढ्या पीएचला बाहेरच्या पाण्यात अमोनिया पकडून ठेवणारं आम्ल उरत नाही. माशाच्या कल्ल्यातून अमोनिया बाहेर पडणं अडतं आणि तो स्वतःच्याच कचऱ्याने विषबाधा होऊन मरतो. प्र. १३ मधली दुपार तिथे चोवीस तास असते. सूक्ष्मजीवांना मात्र तिथे मोकळं रान आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं.

पण "एवढ्या पीएचला मासा जगूच शकत नाही" असं लिहाल तर गुण जातील. केनियातल्या मगाडी सरोवरात पीएच १० च्या पाण्यात एक चिमुकला तिलापिया राहतो. तो अमोनिया टाकतच नाही. आपल्यासारखं त्याचं युरियात रूपांतर करतो आणि सगळा नायट्रोजन युरिया म्हणून बाहेर सोडतो. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाजारात मिळणाऱ्या तिलापियाला हे जमत नाही, तेव्हा ते बीज घेऊन लोणारच्या वाटेला लागू नका.